उकळलेली गोधडी

सासूबाई न्हाणीघरात ईशानला न्हाऊ घालत होत्या आणि मी त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते.

"केतकी, पंचा आण गं!"

"आणते, आई!"

"आणि शेगडीत ओवा टाक!"

"टाकते!"

पण पेटीच्या तळाशी हाताला काहीतरी मऊ लागलं होतं. वर दोन कोऱ्या साड्या, त्यांच्याखाली मामंजींचा चष्मा, कसलीशी कागदपत्रं आणि अगदी खाली जुन्या टॉवेलात बांधलेलं गाठोडं. गाठ सोडली. आत धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या सुती साड्या होत्या. त्यातल्या तीन ओढल्या. एक निळी इरकल, एक चॉकलेटी चौकड्यांची, एक पिस्ता रंगाची. रिकाम्या जागी माझ्या कॉलेजातल्या दोन ओढण्या कोंबल्या, गाठ मारली, पेटी मिटली आणि साड्या ईशानच्या लंगोटांच्या बादलीत तळाला दडवल्या.

"पंचा विणून आणतीयेस काय?" आतून आवाज आला.

मी पंचा घेऊन धावले. तोपर्यंतच्या सव्वीस वर्षांत मी कुणाचं खोडरबरसुद्धा न विचारता घेतलं नव्हतं.

ईशान तेव्हा चार महिन्यांचा होता. आम्ही बार्शीत, एका पिठाच्या गिरणीच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलेलं, त्यामुळे इतर आयांना जे जंतू दिसत नाहीत ते मला नावानिशी दिसायचे. बाळाजवळ कुणी शिंकलं तर मी मनातल्या मनात त्या शिंकेचे तुषार किती फूट जातात ते मोजायची. ईशान झोपला की दर दोन-तीन मिनिटांनी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघायची. एका वहीत त्याच्या झोपेची नोंद ठेवली होती. माझ्याजवळ दुपारची सर्वांत लांब झोप अकरा मिनिटं. सासूबाईंजवळ पावणेदोन तास.

त्या काहीच करत नसत. भिंतीला टेकून पाय पसरून बसायच्या, ईशानला शेजारी टाकायच्या आणि मेथी निवडायला घ्यायच्या. मेथी संपायच्या आत तो झोपलेला असायचा. थोड्या वेळानं त्याही.

आणि आता त्या जाणार होत्या. माझी नणंद, ज्योत्स्नाताई, हैदराबादला होती. बाळंतपणाला माहेरी यायचं तिचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली. मग सासूबाईच तिकडे जाणार, तीन महिन्यांसाठी. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी. विश्वजित, म्हणजे माझा नवरा, सकाळी नऊला बँकेत जायचा तो सातला उगवायचा. मधले दहा तास मी आणि ईशान. हे ऐकलं त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. नळ सोडून रडण्याची मला त्या महिन्यांत बरीच सवय झाली होती. ते कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती.

मग एका पुस्तकात वाचलं की लहान मूल माणूस ओळखतं ते वासावरून. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाईंचा वास म्हणजे खोबरेल, ओव्याचा धूर आणि मला कळत नाही असं समजून गुपचूप लावलेली मशेरी. हा वास त्यांच्या साड्यांत मुरलेला. त्या साड्यांची गोधडी केली, तर सासूबाई हैदराबादला आणि त्यांची झोप आमच्या घरात!

माल घेऊन मी तळमजल्यावरच्या जनाकाकूंकडे गेले. काकू ऑर्डरवर गोधड्या शिवायच्या. त्यांनी साड्या उलगडल्या, बोटांनी चोळून पाहिल्या.

"ह्या तर प्रयागच्या, तुझ्या सासूच्या."

"हो."

"तिला विचारलंस?"

"विचारलं तर म्हणतील, मी जातेय म्हणून एवढी घाबरलीस?"

"मग घाबरली नाहीस काय?"

"घाबरलेय. म्हणूनच विचारत नाही."

काकूंनी पान तोंडात सारलं. "अंथरून, कडा धरून मी देते. टाके तू घालायचे. माल चोरीचा हाय, निदान मेहनत तरी घरची असू दे."

"चालेल. पण आधी मी साड्या जरा स्वच्छ करून आणते."

आता हे मला कसं सुचलं, ते विचारू नका. ज्या वासासाठी एवढी चोरी केली, तो वास... पण माझ्या डोळ्यांसमोर पेटीचा तळ होता, तिथली झुरळं होती, डांबरगोळ्या होत्या आणि त्या साड्यांवर अंग घासणारा माझा चार महिन्यांचा मुलगा होता. हात आपोआप चालले. सासूबाई देवळात गेलेल्या असताना मी पाणी तापवायच्या मोठ्या पातेल्यात तिन्ही साड्या जंतुनाशक घालून वीस मिनिटं खळखळ उकळल्या. मग उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवल्या. मग कडक इस्त्री. इरकलीच्या काठाचा लाल रंग पिस्त्यावर उतरला आणि ती साडी गोवर आल्यासारखी दिसू लागली, एवढंच काय ते माझ्या लक्षात आलं.

दुपारी ईशान सासूबाईंजवळ झोपला की मी "काकूंकडे विणकाम शिकायला" खाली जायची. काकूंनी चौकोन कापून, जुळवून, कोपऱ्यांवर वरवंटे ठेवून गोधडी अंथरली होती. कडेनं सुरुवात करायची आणि गोल गोल आत यायचं. पहिल्या दिवशी माझे टाके बघून काकू म्हणाल्या, "हे टाके हायत का मुंग्या पांगल्यात?"

"सुई वाकडी आहे काकू."

"सुई माझी तीस वर्षांची हाय. तिनं आजवर तक्रार केली नाय."

दुसऱ्या दिवशी मी गोधडीबरोबर स्वतःची ओढणीही शिवून टाकली आणि उठताना अख्खी गोधडी माझ्याबरोबर उठली. वरवंटे गडगडत खाटेखाली. काकू हसता हसता पान गिळून बसल्या, मग खोकला, मग पुन्हा हसू. मीही भिंतीला धरून हसत होते. वर आले तेव्हा सासूबाई माझ्याकडे निरखून बघत होत्या.

"काय झालं, आई?"

"काय नाय. विणकाम बरं चाललंय वाटतं."

चौथ्या दिवशी त्यांनी हैदराबादची तयारी म्हणून पेटी उघडली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेर गाठ सोडल्याचा आवाज आला.

"केतकी."

"हं?"

"ह्या कुणाच्या ओढण्या?"

"माझ्या असतील... चुकून गेल्या असतील."

"आणि माझ्या साड्या चुकून कुठं गेल्या?"

माझ्या तोंडून खाडकन निघालं, "बोहारणीला दिल्या."

"दिल्या?"

"ती आली होती ना परवा, तुम्ही देवळात होता तेव्हा. मला वाटलं जुन्या आहेत, तर एखादं भांडं तरी..."

सासूबाई पेटीजवळ तशाच बसल्या. "त्या ज्योत्स्नाच्या बाळासाठी ठेवल्या होत्या गं मी. दुपटी करायला. बारा दिवस बाळाच्या अंगाला नवं कापड लागू द्यायचं नाही, तुला ठाऊक हाय ना? ईशानला पण माझ्याच साडीत घेतला होता. त्या ज्योत्स्नाच्या वाटणीच्या होत्या."

कणकेत बुडालेले हात घेऊन मी उभी. खरं काय ते सांगून टाकायचा तोच क्षण होता. पण साड्यांचे एव्हाना अठ्ठेचाळीस तुकडे झालेले आणि ते उकळलेले.

"भांडं कुठाय?" त्यांनी विचारलं.

"उद्या आणून देणार आहे ती."

दुसऱ्या दिवशी भाजीच्या निमित्तानं मी भांड्यांच्या दुकानात जाऊन एक स्टीलचा डबा विकत आणला. सासूबाईंनी तो हातात घेतला, फिरवून बघितला, उलटा करून बघितला. झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"डबा चांगला हाय. पण बोहारणीचा वाटत नाय."

"का?"

"झाकण बसतंय ह्याचं."

आणि उठून गेल्या. मी मनात म्हटलं, सुटले.

शनिवारी गोधडी पुरी झाली. टाके मुंग्यांसारखेच, पण आता निदान एका रांगेत चाललेल्या. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी गोधडी अंथरली, ईशानला वर ठेवलं आणि वही घेऊन बसले. त्यानं एकदा हुंगल्यासारखं केलं, तोंड वाकडं केलं आणि जो सूर लावला, तो ऐकून गिरणीवाल्यानं खालून विचारलं, "ताई, सगळं ठीक ना?"

ईशानला खांद्यावर आणि गोधडी काखेत घेऊन मी काकूंकडे. काकूंनी गोधडी नाकाशी नेली आणि झटकन बाजूला केली.

"हिला तर दवाखान्याचा वास येतोय!"

"उकळल्या होत्या ना मी..."

"उकळल्या? सासूच्या वासासाठी साड्या चोरल्यास आणि सासू उकळून काढलीस त्यातनं?"

मी खाटेवर बसकण मारली. "काकू, गुरुवारी त्या जाणार. आज शनिवार."

"मग परत भर वास."

"कसा?"

"जिचा हाय, तिला झोपव की हिच्यावर."

संध्याकाळी मी गोधडीची नीट घडी केली, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि सासूबाईंपुढे उभी राहिले.

"आई, हे तुमच्यासाठी. तुम्ही जाणार म्हणून. मी शिवलीय."

सासूबाईंनी घडी उलगडली. चौकोनांवरून हात फिरवला. लाल पुटकुळ्या आलेल्या पिस्ता तुकड्यावर हात थांबला.

"ही चौकडी ओळखीची वाटतीय."

"बाजारात मिळते हो तशी."

"आणि ही इरकल?"

"तीपण... मिळते."

"बोहारणीनं परत बाजारात विकली असंल."

"असेल," मी म्हणाले. विश्वजित कोपऱ्यात पेपर वाचत होता. त्याचा पेपर थोडा थरथरला.

"बरं हाय. नेते हैदराबादला."

"नाही! म्हणजे... न्या. पण आजपासूनच वापरायला काढा. आज रात्रीपासून. सवय होईल."

"गोधडीची सवय करावी लागती होय?"

"नव्या गोधडीची लागते. टाके टोचतात. आणि आई, अंगाखालीच घ्या. पांघरू नका. आणि धुऊ नका. चार दिवस तरी."

"मशेरी लावून झोपलं तर चालंल का?"

"चालेल! लावा ना," मी इतक्या उत्साहानं म्हणाले की विश्वजितनं पेपर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. मशेरीवरून मी त्या घरात दोनदा उपोषण केलं होतं.

पुढचे चार दिवस रोज सकाळी अंथरूण आवरायला मीच पुढे. गोधडी नाकाशी धरायची आणि अंदाज घ्यायचा. रविवारी दवाखाना. सोमवारी दवाखाना, पण खोबरेलाचा एक धागा. मंगळवारी दोन्ही बरोबरीनं. बुधवारी सकाळी मी घडीत तोंड खुपसलं आणि डोळे मिटले. आल्या होत्या सासूबाई!

माझा बेत तयार होता. गोधडी त्यांच्या पिशवीत तळाशी जाणार. निघायच्या गडबडीत ती काढून घ्यायची आणि तिच्या जागी तेवढीच जाड चादर घालायची. कळेपर्यंत गाडी सोलापूरच्या पुढे.

पण बुधवारी दुपारी सासूबाई पिशवी भरायला बसल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. गोधडी त्यांच्या मांडीवर होती.

"एक विचारू? तू मला दिलेली भेट. पण ती ज्योत्स्नाच्या बाळाला दिली तर तुला राग येईल का?"

"बाळाला?"

"साड्या तर गेल्या. आता पहिलं अंथरूण म्हणून हीच घालते. जुन्याच कापडाची दिसतीय. मऊ पण हाय." त्यांनी गोधडी गालाला लावली. "माझ्याकडचं काही नाही नेलं तर पोरगी म्हणंल, आईनं वहिनीच्या बाळासाठी केलं, माझ्यासाठी नाय."

मी ईशानकडे बघितलं. तो त्यांच्या पसरलेल्या पायांशेजारी मुठी उघडून झोपला होता. उद्या या वेळी तिथे नुसती फरशी असणार होती. चोरायची तर आता एका न जन्मलेल्या बाळाच्या अंगाखालून चोरायची होती, आणि दुसऱ्यांदा.

"आई," मी म्हणाले, "बोहारीण आलीच नव्हती."

"हं."

"साड्या मी चोरल्या. ईशानसाठी. तुम्ही गेल्यावर त्याला झोप यावी म्हणून. तुमचा वास... पण मी त्या उकळल्या. मग वास गेला. म्हणून तुम्हाला भेट दिली. म्हणजे भेट नव्हती ती. उद्या पिशवीतून काढून घेणार होते."

एका दमात सगळं बोलून झालं. सासूबाईंचं तोंड गंभीर होतं, पण पोट हलत होतं.

"डब्याच्या बुडाला," त्या म्हणाल्या, "दुकानाच्या किमतीची चिठ्ठी हाय अजून. बघ जा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला मशेरी लावून झोप म्हणालीस तेव्हा पोरगी वेडी तरी झाली नायतर चोर तरी, एवढं कळलं. बाकीचं जनानं सांगितलं. तिच्या पोटात काय राहतं होय?"

आणि त्या उठल्या, शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री आणली आणि गोधडीच्या मधोमध लावली.

"आई, अहो, पाच दिवस टाके घातलेत मी!"

"टाके कुठले, मुंग्या त्या. धर ते टोक."

मी टोक धरलं. कात्री कचकच करत माझ्या मुंग्यांमधून गेली. संध्याकाळपर्यंत जनाकाकूंनी दोन्ही अर्ध्या गोधड्यांना कापलेल्या कडेनं पट्टी लावून दिली. जिच्यावर गोवर जास्त उठला होता, ती सासूबाईंनी आमच्याकडे ठेवली.

गुरुवारी सकाळी त्या गेल्या. दुपारी एक वाजता मी दार लावलं, पडदे ओढले, अर्धी गोधडी अंथरली, ईशानला वर ठेवलं. त्यानं हुंगलं. हसला! मग दहा मिनिटांत डोळे मिटले. मी वही उघडली. श्वास बघितला. ठीक. पुन्हा बघितला. त्यानं डोळे उघडले आणि रडायला लागला.

दोनदा तसंच. तिसऱ्या वेळी मी पण रडायला लागले, आणि या वेळी नळबिळ न सोडता. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. झहीराबादला गाडी चहाला थांबली होती.

"झोपला का?"

"नाही. वास आहे, गोधडी आहे, सगळं आहे, तरी नाही."

"तू काय करतीयेस?"

"बसलेय. बघतेय त्याच्याकडे."

"किती वेळ?"

"सारखीच."

"मग कसा झोपंल? तुझ्याकडं कुणी बोट नाकाशी धरून टक लावून बसलं तर तू झोपशील? अगं, वासानं नाय झोपत तो. मी त्याच्याकडं बघत नाय म्हणून झोपतो. पाठ कर त्याच्याकडं आणि पड."

मी वही मिटली.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं की."

"मग मला हे सगळं का करू दिलंत? सांगायचं ना!"

पलीकडून कंडक्टरचा आवाज येत होता.

"चार महिने नुसती नळ सोडून रडत होतीस. मला ऐकू येत नाही वाटलं? काय करावं सुचंना. मग एक दिवस तू जनाकडनं वर आलीस, डोळ्यात पाणी, पण हसून हसून आलेलं. चोरी कळली तेव्हा म्हटलं, साड्या काय, अजून येतील. चोरू दे पोरीला." मग आवाज बदलला. "ठेवते. गाडी सुटली. पाठ कर."

मी पाठ केली. दोन मिनिटं भिंत बघितली. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा सव्वातीन झाले होते आणि ईशानचा पाय माझ्या पाठीवर होता.

सासूबाई तीन महिन्यांनी परत आल्या. ज्योत्स्नाताईला मुलगी झाली होती. पाय धुऊन, चहा पिऊन, ईशानला मांडीवर घेऊन झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"माझी गोधडी कुठाय?"

"अर्धी इथे, अर्धी ज्योत्स्नाताईंकडे. तुम्हीच कापलीत."

"ती नातवंडांची. मला दिलेली भेट कुठाय? फूलबिल ठेवून दिली होतीस. परत घेतलीस ना?"

त्या उठल्या, थेट माझ्या कपाटाकडे गेल्या आणि हात घालून एक साडी ओढली. माझ्या साखरपुड्याची. मोरपंखी, रेशमी.

"हिचा पोत बरा हाय."

"आई, दोनदाच नेसलेय मी ती!"

"आणि माझ्या तीन काय मी गोण्या म्हणून नेसत होते?"

मी त्यांच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत त्या वाळल्या होत्या, डोळ्यांखाली काळं आलं होतं. हैदराबादला रात्री कोण कुणाला झोपवत होतं, ते दिसत होतं. मी कात्री घेतली, जमिनीवर बसले आणि पदराचा भाग शोधला.

"सरळ काप," सासूबाई ईशानला थोपटत म्हणाल्या. "वाकडी गेलीस तर लग्नाचा शालू पण काढीन."